आवाज गेल्याचं सोमवारी कळलं

तीर्थस्वरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून नाही. गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, हा आमच्या अभ्यासक्रमातला पहिल्या महिन्याचा धडा होता. तेव्हा माझ्याइतका पुरता नमस्कार आपल्या घराण्यात आजवर कुणी केला नसेल.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? उजव्याची चौकशी करत नाही, कारण तो कधी कुरकुर करत नाही, आणि जो कुरकुर करत नाही त्याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही. जिना दिवसातून एकदाच चढतेस ना? शेजारच्या आजोबांची नाडी बघायला अजून रोज जातेस की त्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली? तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण वॉर्डातली मोठी सिस्टर काही तुझ्या अंगातून निवृत्त झाली नाही, असं बाबा म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त कळवते.

फोन सोडून पत्र का, असं तू पाकीट फोडता फोडता स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली असशील. तर कारण असं, की माझा आवाज गेला. लगेच पिशवी भरू नकोस. घशाच्या डॉक्टरांनी आत बारीक दिवा घालून पाहिलंय, ओरडून ओरडून सूज आली आहे एवढंच, आणि आठ दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही असं बजावलंय. मोबाईलवर लिहिलं असतं, पण तू वाचत नाहीस, नुसता अंगठा पाठवतेस. बाबांच्या हर्नियाचं कळवलं होतं तेव्हाही तू अंगठाच पाठवला होतास. म्हणून पत्र. आता झालं ते पहिल्यापासून सांगते. तू चहा घेऊन बस.

मी इथे शारीरिक शिक्षणाची शिक्षिका व्हायला आले आहे हे तुला माहीतच आहे. (बाबा चारचौघांत सांगतात, ‘मुलगी शिट्टी वाजवायला शिकायला गेली आहे, वर्षाचा कोर्स आहे.’) आमच्या कॉलेजनं आठ आठवड्यांच्या सराव पाठांसाठी मला या गावातल्या एका शाळेत पाठवलं. बाकीच्यांना दोघा-तिघांत एक शाळा मिळाली, माझ्या वाटेला एकटीला एक. खोली दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. एक खिडकी, एक खाट, भिंतीत दोन खुंट्या आणि दोन कप. कप जोडीनंच मिळत होते, दुसरा अजून कोरा आहे. खालून दिवसभर यंत्राची घरघर येते आणि मधूनच कुणाचा तरी ‘आ’ ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात मी दचकायची. आता रविवारी दवाखाना बंद असला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. दातांचे डॉक्टर स्वभावानं भले आहेत, पण माणूस समोर आलं की ते आधी त्याच्या तोंडात बघतात आणि मग चेहऱ्याकडे, त्यामुळे त्यांच्याशी हसताना जरा संकोच वाटतो.

शाळेत मला सहावी ब मिळाली. त्रेचाळीस मुलं. वर्गात बसलेली त्रेचाळीस मुलं आणि मैदानावर सोडलेली त्रेचाळीस मुलं हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आम्हाला वर्ग व्यवस्थापन शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना आम्ही नियोजनबाई म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्या शब्दावाचून पूर्ण होत नाही. (एकदा त्यांना जोराची उचकी लागली होती तेव्हा म्हणाल्या, पाण्याचं नियोजन नव्हतं.) त्यांचे नियम मला तोंडपाठ आहेत. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येईल असं त्यांना उभं करू नये. वर्गाकडे पाठ फिरवू नये. सूचना आधी, साहित्य नंतर. मैदानावर नेताना मोजावं, परत आणताना मोजावं.

पहिल्याच दिवशी मी तिसरा नियम मोडला. जाळी उघडून मुलांच्या हातात बावीस चेंडू दिले आणि मग म्हटलं, ‘आता नीट ऐका.’ आत्या, हातात चेंडू असलेलं मूल फक्त चेंडूचं ऐकतं. पाच मिनिटांत अकरा चेंडू भिंतीपलीकडे गेले. भिंतीपलीकडे गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेतात. त्या वेळी एक गृहस्थ गाडी मागे घेत होते, त्यांच्या मागून-पुढून अचानक चेंडूंचा पाऊस सुरू झाला, आणि त्यांनी असा काही ब्रेक लावला म्हणे, की परीक्षकांनी खाली उतरून त्यांच्याशी हात मिळवला आणि जागच्या जागी पास करून टाकलं. हे गृहस्थ याआधी चार वेळा नापास झालेले. दुसऱ्या दिवशी ते हातात पेढ्यांसारखं काहीतरी गोड घेऊन शाळेत आले आणि विचारू लागले, पुढच्या मंगळवारी बायकोची परीक्षा आहे, तेव्हा तासिका असेल का? मुख्याध्यापकांनी त्यांना समजावून परत पाठवलं आणि मला बोलावून घेतलं. मला समजावलं नाही.

शाळेचे खेळाचे शिक्षक, ज्यांच्या हाताखाली मी आहे, त्यांना सगळे मोठे सर म्हणतात. ते शेडखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसतात. मुलं फार पांगली की ते खोकतात. एकदाच. त्या एका खोकल्यासरशी त्रेचाळीस मुलं चार रांगांत उभी राहतात, आणि एक हात अंतरसुद्धा न सांगता घेतात. मी आठवडाभर तो खोकला घरी करून पाहिला. खालून डॉक्टरांनी खोकल्याच्या गोळ्या पाठवल्या. सरांना विचारलं, हे तुम्ही कसं करता? तर कोड्यातून मान वर न करता म्हणाले, ‘सव्वीस वर्षं लागली.’ माझ्याकडे तर सातच आठवडे उरले होते. म्हणून मी शिट्टीचा आधार घेतला. थांबायला शिट्टी, सुरू करायला शिट्टी, गोल करायला दोन, जोड्या करायला तीन. तिसऱ्या आठवड्यात मुलांना शिट्टी ऐकू येईनाशी झाली. सर म्हणाले, ‘शिट्टी मिठासारखी असते. तू मिठाचीच भाजी केलीस.’ मग शिट्टी ठेवली आणि ओरडायला लागले.

(एक गोष्ट कुणाला सांगू नकोस. जोड्या करायच्या असल्या की मला फार बरं वाटतं. त्रेचाळीस ही विषम संख्या आहे. एक मूल उरतं, रोज निराळं, आणि त्याच्या जोडीला मला उभं राहावं लागतं. पाठीला पाठ लावून बसायचं आणि हात न टेकता एकदम उठायचं, असा एक प्रकार आहे. त्यात समोरच्याच्या पाठीवर पूर्ण भार टाकावा लागतो, नाहीतर दोघंही आपटतात. इथे माझ्या पाठीला दुसऱ्या माणसाची पाठ लागते ती तेवढीच. ज्या दिवशी एखादं मूल गैरहजर असतं आणि हजेरी बेचाळीस होते, त्या दिवशी सगळ्यांच्या जोड्या बिनबोभाट जमतात आणि मी मध्ये उभी राहून आकडे मोजते.)

आता मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी काय झालं ते ऐक. शाळेच्या क्रीडादिनाची रंगीत तालीम होती. सगळी शाळा मैदानावर, ध्वनिक्षेपक बिघडलेला, आणि नवीन म्हणून रांगांचं काम माझ्याकडे. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी ‘रांग सोडू नका’ हे एकच वाक्य बोलले. पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटची रांग फाटकाबाहेर गेली. मी घरी आले, ब्रेड खाल्ला आणि झोपले.

शनिवारी सुट्टी. भाजी आणली. इथे आपणच टोपलीत भाजी घ्यायची, भाजीवाला तोलतो, आकडा यंत्रावर दिसतो, आपण मान डोलवायची, तोही डोलवतो. कपडे धुतले. वाचनालयात गेले, तिथे तर शांतता राखा असं पाच ठिकाणी लिहिलंय. रविवारी बागेत जाऊन बसले. एक बाई आल्या, बाकड्याकडे बोट करून भुवया उंचावल्या, मी सरकून जागा दिली. तासभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. जाताना त्या हसल्या, मीही हसले. बरी बाई होती. आईचा फोन बुधवारी असतो आणि तुझा महिन्याच्या पहिल्या रविवारी, हा तिसरा होता. सोमवारी माझा मूल्यमापनाचा पाठ होता, म्हणजे नियोजनबाई स्वतः येऊन पन्नास गुणांचा तक्ता भरणार आणि त्यात नापास झालं की आठही आठवडे पुन्हा. म्हणून संध्याकाळी टाचण लिहिलं. कुठल्या मिनिटाला काय सांगायचं, ते शब्दन् शब्द.

सोमवारी सकाळी सात वाजता जिना उतरले. दातांचे डॉक्टर दवाखान्याचं दार उघडत होते. मी त्यांना ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. डॉक्टरांनी सवयीनं लगेच आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘दात उत्तम आहेत. घसा माझ्या हद्दीबाहेर आहे, पण लाल दिसतोय. कधीपासून?’

आत्या, या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. आवाज नव्हता म्हणून नाही, मला माहीतच नव्हतं म्हणून. मी तिथे पायरीवर उभी राहून बोटांवर मोजलं. शुक्रवारी पाच दहाला मी शेवटचं बोलले होते. शनिवार गेला, रविवार गेला, बासष्ट तास होत आले. त्यात आवाज शनिवारी सकाळी गेला की रविवारी दुपारी, हे सांगायला कुणी साक्षीदार नाही. मीसुद्धा नाही. आवाज जाण्याचं मला एवढं काही वाटलं नाही, तो काय, येईल. पण माणसाचा आवाज जावा आणि ते कळायला त्यालाच सोमवार उजाडावा लागावा, याचं मात्र वाटलं. डॉक्टर वाट बघत होते. मी दोन बोटं दाखवली. ‘दोन दिवस?’ ते म्हणाले, ‘आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?’ मी हसले. त्यांनी पुन्हा दात पाहिले.

शाळेत पोचले तर नियोजनबाई आधीच शेडखाली, मांडीवर तक्ता. मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, पाठ पुढे ढकलायचा तर पुढच्या सत्रात, नियोजन झालेलं आहे. मोठ्या सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘मला बोलायची परवानगी नाही, आज तुझा वर्ग आहे.’ आणि खोकला येईल म्हणून तोंडावर रुमाल धरून बसले. खरंच. पस्तीस मिनिटं त्यांनी तो काढला नाही.

मुलं आली. मी पांढऱ्या रेषेवर उभी राहिले, उन्हाकडे तोंड करून, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर ऊन नको, आणि हात वर केला. एवढंच. ओरडणं नाही, शिट्टी नाही. मुलं पळत होती, ती हळूहळू थांबली. वर्गाची मॉनिटर आहे, दोन वेण्यांची, फार करारी मुलगी, ती शेजारणीला म्हणाली, ‘मॅडम आज खूपच रागावल्यात.’ ही बातमी आगीसारखी पसरली. चार रांगा लागल्या. अशा रांगा मी शुक्रवारी दिवसभर ओरडून लावू शकले नव्हते. मला इतका आनंद झाला की हसू आलं, आणि तिथेच सगळं फसलं असतं, कारण रागावलेली मॅडम हसते म्हणजे काय? मॉनिटर पुढे आली. माझ्या तोंडाकडे नीट बघून तिनं विचारलं, ‘मॅडम, तुमचा आवाज गेलाय?’

मी मान डोलवली. आता संपलं, असं मला वाटलं. बोलू न शकणारी मॅडम म्हणजे मुलांच्या दृष्टीनं सुट्टीच. नियोजनबाईंचं पेन वर उचललेलं मला दिसलं. पण ती मॉनिटर मागे वळली आणि रांगांना म्हणाली, तेही कुजबुजून, ‘मॅडमचा आवाज गेलाय. हळू बोला.’ तुला तर माहीतच असेल, वॉर्डात एक माणूस कुजबुजायला लागला की सगळे कुजबुजतात. तसं झालं. एका रांगेनं तिच्या मागच्या रांगेला कानात सांगितलं. मग त्रेचाळीस मुलं जी कुजबुजायला लागली ती थांबेचनात. मी हातांनी दाखवायची, मॉनिटर हळूच सांगायची. रिले शर्यत झाली. आत्या, तू कधी कुजबुजत दिलेलं प्रोत्साहन ऐकलं आहेस? चार संघ जीव तोडून पळतायत आणि रेषेवरची मुलं गळ्याच्या शिरा ताणून दबक्या आवाजात म्हणतायत, ‘पळ, पळ, पळ.’ वाऱ्यावर पानं सळसळावीत तसा आवाज होता. एक मुलगी पडली, गुडघा खरचटला, आणि ती रडली तीसुद्धा हळू. शिपाई घंटेची वेळ झाली सांगायला आले ते चवड्यांवर चालत. नियोजनबाईंनी सरांना काहीतरी विचारलं, तेही कानाशी वाकून.

शेवटी परत नेताना मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. मूल कमी भरलं तर काय करायचं याचं मोठं प्रकरण आहे पुस्तकात, जास्त भरलं तर काय करायचं हे कुठेच नाही. मग कळलं, सहावी अ मधली एक मुलगी खिडकीतून बघत होती, तिला राहवलं नाही, ती गणिताच्या तासिकेतून उठून येऊन रिलेत पळाली होती. आणि जिंकलीही होती.

पन्नासपैकी तेहतीस मिळाले. पास झाले. ‘आवाजाची फेक’ या रकान्यात शून्य आहे, ‘वर्ग नियंत्रण’मध्ये दहा. सरांनी रुमाल काढला आणि एकदा मनसोक्त खोकले, तर पलीकडे मैदानावर आठवीची मुलं रांगेत उभी राहिली. मला म्हणाले, ‘तुला सव्वीस वर्षं नाही लागायची.’

तर असं झालं. मी मजेत आहे, खाते-पिते, गावही छान आहे. तुझ्या गुडघ्याला आणि शेजारच्या आजोबांच्या नाडीला माझा नमस्कार. आईबाबांना आवाजाचं कळवू नकोस, आई लगेच रडेल आणि बाबा लगेच विनोद करतील. (बुधवारचा आईचा फोन मी ‘तालमीत आहे’ असं मोबाईलवर लिहून टाळला.) माझ्यावर आहे तेवढी माया असू दे, जास्त नको, वजन वाढेल.

तुझी एकुलती एक म्हणूनच लाडकी,
भाची

ता.क. : एक सांगायचं राहिलं. निघताना नियोजनबाईंनी विचारलं, ‘घरी काळजी घ्यायला कोण आहे?’ मी कागदावर लिहिलं, ‘आत्या आहे.’ आता ‘आहे’ म्हणजे खोटं नाहीच, तू आहेसच. पण त्यांना वाटलं, इथे आहेस.

ता.क. २ : ते तेवढ्यावर थांबलं नाही. बाई मला खोलीपर्यंत सोडायला आल्या आणि जाताना खाली दातांच्या डॉक्टरांना सांगून गेल्या. त्यांनी मंगळवारी साडेदहाला तुझ्या कवळीसाठी वेळ राखून ठेवली आहे. (तुला कवळी नाही, हे मी बोलू शकत नसल्यामुळे सांगता आलं नाही.) मोठ्या सरांना कळलं की तू सिस्टर होतीस, तेव्हापासून ते अडलेल्या कोड्यातले रोगांचे शब्द तुला विचारायला माझ्याकडे देतात, आणि मी शब्दकोशात बघून तुझ्या नावावर खपवते. सहावी ब तर रोज विचारते, आत्या काय म्हणाली? मी लिहून दाखवते. तू बरंच काही म्हणाली आहेस. एकंदरीत गावात तुझं नाव चांगलं झालंय, ते बिघडू नये म्हणून तू पंधरा दिवस येऊन जावंस, असं मला वाटतं. जिन्याला कठडा आहे.

ता.क. ३ : आवाज शुक्रवारीच आला. आज रविवार. फोन करता आला असता. हातात घेतलाही होता. पण तू पहिलंच ‘काय गं, कशी आहेस?’ विचारलं असतंस, आणि मग पुढचं काही मला धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिलं. बस इथे पावणेबाराला पोचते, मी स्टँडवर येईन. आणि आत्या, आल्यावर पहिले दोन दिवस तू जरा कमी बोल. मला बोलायचं आहे.